खाली घेतलेली पंचफुला

आसेगावात माणसाला बाजेवर मरू देत नाहीत. सुतळीनं विणलेल्या बाजेवर जीव गेला तर तो दोरांत गुंतून राहतो, अशी समजूत. म्हणून शेवटची घटका जवळ आली की जमीन शेणानं सारवायची, माणसाला उचलून भुईवर घ्यायचं, तोंडात तुळशीचं पान घालायचं आणि वर गंगेच्या पाण्याचे थेंब. याला ‘खाली घेणं’ म्हणतात. कोणाला कधी खाली घ्यायचं हे ठरवायचा मान आमच्या आळीत नानाजींचा. सत्तरी ओलांडलेले, पांढऱ्या मिशांचे नानाजी मनगट धरून डोळे मिटायचे, ओठ हलवायचे आणि म्हणायचे, “घ्या खाली.” आजवर त्यांचं चुकलं नव्हतं. आता, मरायला टेकलेल्याची नाडी पाहून हा मरणार असं सांगण्यात शहाणपण ते कितीसं? पण हे त्यांना तोंडावर कोण म्हणणार!

पंचफुलाबाईच्या बाबतीत मात्र ते चुकले.

दिवाळी नुकतीच होऊन गेली होती. लढाईचे दिवस, घासलेट मिळेनासं झालेलं, त्यामुळे दिवा लवकर मालवून सगळी आळी अंधार पडताच निजायची. त्यात पंचफुलाबाईला ताप भरला. म्हातारी आधीच वर्षभर अंथरुणाला खिळलेली, पायांत जोर नाही, आणि आता छातीत घरघर सुरू झाली. सून गोजराबाई उशाशी बसून होती. घरात तिसरं माणूस नव्हतं. गोजराबाईचा नवरा तरणाताठा असतानाच साप चावून गेला, पोटी लेकरू नाही. तेव्हापासून या दोघी विधवा एका चुलीवर. नानाजी आले, मनगट धरलं, ओठ हलवले आणि म्हणाले, “घ्या खाली.”

घेतलं. बाज बाहेर नेऊन गोठ्याच्या भिंतीला उभी टेकवली. रिसोडला दिलेल्या लेकीला सांगावा गेला. ती बैलगाडीतून उतरली ती वेशीपासूनच गळा काढत आली. तिच्या मागे आळीतल्या बायांनीही सूर धरला. तो कल्लोळ दाराशी आला तशी आत भुईवर पडलेल्या पंचफुलाबाईनं डोळे उघडले आणि विचारलं, “कोन मेलं वं?”

रडणाऱ्या बाया जागच्या जागी गप्प झाल्या. म्हातारीनं दुधात कुस्करलेली भाकर मागितली, ती खाल्ली, आणि मीठ कमी आहे म्हणून सुनेला बोलली. लेक थोडे दिवस राहून रिसोडला परत गेली. आळीतली माणसंही आपापल्या घरी गेली, आणि खरं सांगायचं तर काहींचा चेहरा जरासा उतरलेलाच होता.

म्हातारी वाचली हे बरंच झालं. पण पंचाईत पुढेच होती. खाली घेतलेलं माणूस पुन्हा बाजेवर चढवायचं नाही, असाही नियम आहे. चढवलं तर दाराशी आलेलं मरण रिकाम्या हातानं परत जात नाही. घरातलं दुसरं कोणी घेऊन जातं. या नियमाची आजवर कोणाला आठवण करायची वेळ आली नव्हती, कारण खाली घेतलेलं माणूस कधी उठून भाकर मागत नसे. आता पंचफुलाबाई भुईवर ती भुईवरच.

भुईवरच्या माणसाचं करणं म्हणजे काय, हे केल्याशिवाय कळत नाही. बाजेवर असताना गोजराबाई कडेला उभं राहून तिला कुशीवर वळवायची, बाजेच्या काठावर टेकून घास भरवायची. आता प्रत्येक गोष्टीला वाकायचं. पाणी पाजायला गुडघे टेकायचे, अंग पुसायला वाकायचं, ओलं फडकं बदलायला तर पार जमिनीशी लोळण घ्यायची, आणि मग भिंत धरून धरून उभं राहायचं. गोजराबाईचीही साठी जवळ आलेली. दिवसभरात ती इतक्यांदा वाकायची की विहिरीवर जाताना तिची कंबर सरळच होत नसे. लांबून पाहणाऱ्याला वाटावं, बाई वाटेत काही पडलेलं शोधत चालली आहे.

आणि पंचफुलाबाई गोड बोलणाऱ्यांतली नव्हती. पाणी गार आहे, पाणी कोमट आहे, फडकं टोचतं, वास येतो, चुलीचा धूर होतो. चाळीस वर्षांच्या संसारात सुनेला ‘बरं केलं’ म्हणाल्याचं कोणी ऐकलेलं नाही.

गोजराबाईचा जीव टिकला तो रंगूबाईमुळे. दोघींची घरं पाठीला पाठ लावून. मधे पऱ्हाट्यांचा, कपाशीच्या वाळक्या काड्यांचा कुड, त्याला एका जागी भगदाड पडलेलं. ते बुजवायचं दोघींनी कधी मनावर घेतलं नाही. रंगूबाईच्या घरीही दुखणं होतंच. तिचा नवरा मारोतराव याला लकवा मारून गेलेला. उजवी बाजू लुळी, तोंड वाकडं, शब्द चावून चावून बाहेर यायचे. एके काळी पाऊण गावाच्या भिंती या माणसानं घातल्या होत्या. आता त्याचा तो उजवा हात तोंडावरची माशी उडवायलाही उठत नव्हता. रंगूबाईनं मंगरूळच्या दर्ग्यातून आणलेला धागा त्याच्या मनगटाला बांधला होता. तो धागाही मळून काळा पडला.

दुपारी आपापल्या दुखणेकऱ्याला जेवू घालून दोघी भगदाडाच्या दोन बाजूंना बसायच्या. हाताला काही काम असायचं, तूर निवडणं नाहीतर वाती वळणं. पण खरं काम बोलण्याचं.

“जेवले का बुढेबा?” गोजराबाई विचारायची.

“जेवले. अर्धं पोटात, अर्धं अंगरख्यावर. तुही बुढी?”

“खाल्लं सगयं. वरून म्हने, भाजी कोनाच्या हाताची हाय? म्हटलं, माह्याच. तं म्हने, वाटलंच.”

रंगूबाई हसायची. हसता हसता तिला जांभई यायची, ती पाहून गोजराबाईलाही.

“रात्री निजली का वं?”

“निजली असीन. ध्यानात नाई.”

“मी भी तशीच. आमचे बुढेबा रातभर हाका मारते. उठून पाह्यलं तं कायी नाई. म्हनते, हायस का ते पाहून राह्यलो.”

“बरं हाय मंग. माही तं म्हनते, आली कायले?”

एवढंच बोलणं. यात ना कोणाची निंदा, ना कोणाचा उपदेश. आज काय खाल्लं, किती कण्हलं, पोट साफ झालं की नाही. ज्याच्या घरी दुखणं नाही त्याला हे ऐकून शिसारी येईल. या दोघींना मात्र त्यातच विसावा होता. कारण सगळ्या गावात गोजराबाईला भेटणारं प्रत्येक माणूस ‘बुढी कशी हाय?’ एवढंच विचारायचं. ‘तुही कंबर कशी हाय?’ हे विचारणारी एकटी रंगूबाई.

नानाजी रोज सकाळी यायचे. ओसरीत काठी टेकून उभे राहायचे आणि आत न पाहता विचारायचे, “काय, कशी हाय?” त्या विचारण्यात काळजी कमी आणि तगादा जास्त असायचा. जणू म्हातारीनं जायचं कबूल करून वेळ टाळली.

आतून आवाज यायचा, “हाय अजून. तुह्या नाडीले सांगजो.”

नानाजी काही न ऐकल्यासारखं करून निघून जायचे.

पौष लागला. भुई गार पडली. खाली गवत, गवतावर गोधडी, तरी गारठा वर यायचाच. पंचफुलाबाईच्या पाठीला आणि खुब्याला जखमा झाल्या. गोजराबाई त्यांना जवसाचं तेल लावायची, दर थोड्या वेळानं कूस बदलायची. एक दिवस कूस बदलताना तिच्याच कमरेत अशी कळ आली की ती म्हातारीच्या शेजारी आडवी पडली आणि तिला उठता येईना. दोघी सासू-सुना छताकडे पाहत पडून राहिल्या.

“उठ वं,” म्हातारी म्हणाली. “चूल विझते.”

“विझू द्या,” गोजराबाई म्हणाली.

दुपारी ती भगदाडापाशी आली ती भिंत धरत. बसता येईना म्हणून उभीच राहिली. रंगूबाईनं पलीकडून तिचा चेहरा पाहिला आणि हातातलं सूप खाली ठेवलं.

“रंगूबाई, मरत भी नाई वो हे बुढी,” गोजराबाई म्हणाली. बोलली आणि पदर तोंडात कोंबून रडायला लागली. आपण काय बोललो याची तिलाच लाज वाटली. रंगूबाईनं भगदाडातून हात घातला आणि तिच्या मनगटाला धरलं. ‘असं बोलू नाई’ वगैरे काही ती म्हणाली नाही. तिच्याही मनात ते कधीमधी आलं असणार.

“आपुन तिले बाजेवर घेऊ,” रंगूबाई म्हणाली.

“अन मंग घरातलं दुसरं मानूस गेलं तं?”

“घरात दुसरं हाय कोन?”

“मीच.” गोजराबाईनं डोळे पुसले. “गेली तं गेली. निजाले तं भेटीन.”

दुसऱ्या दिवशी नानाजी आले तेव्हा तिनं त्यांना सरळ विचारलं, “नानाजी, बुढीले वर घेऊ का? लय गारठा हाय भुईले.”

नानाजींनी काठीवरचा हात बदलला. “रीत हाय ते. मी कोन मोडनारा?”

आपण कोण हे त्यांना बरोबर माहीत होतं. ज्यानं खाली घ्यायला लावलं त्यानंच ‘वर घ्या, माझं चुकलं’ म्हटलं असतं तर आळीनं मान हलवली असती आणि सगळं तिथेच मिटलं असतं. पण सत्तर वर्षं सांभाळलेली अब्रू एका म्हातारीच्या खुब्यापायी घालवायची त्यांची तयारी नव्हती. मला नानाजींचा राग येतो तो याच जागी. ते चुकले त्याचा नाही.

गोजराबाईनं मग कोणाला विचारलं नाही. दुपारी रंगूबाई भगदाडातून अंग चोरून आत आली. दोघींनी गोठ्याशी टेकवलेली बाज आणली, झटकली, वर गोधडी पसरली. पंचफुलाबाई डोळे किलकिले करून पाहत होती.

“काय करून राह्यल्या?”

“तुमाले वर घेतो, आत्याबाई,” गोजराबाई म्हणाली.

“मी नाई येत.”

“खाली किती दिवस राहान? पाठ सडली तुमची.”

“सडू दे. माही पाठ हाय.”

त्यांनी तिच्या बगलेत हात घातले. तशी त्या चिपाडासारख्या म्हातारीनं शेजारचा खांब दोन्ही हातांनी कवटाळला. सोडवता सुटेना. रंगूबाईनं बोटं उकलायचा प्रयत्न केला तर तिच्या हाताला चावली. दात चारच होते, पण लागले.

गोजराबाईचा तोल सुटला. “जलमभर छळलं, आता तरी सोडा!” ती ओरडली. “कोनासाठी धरून बसल्या हे रीत? मले रोज वाकवाले बरं वाटते का तुमाले?”

पंचफुलाबाईनं खांब सोडला नाही. तिला धाप लागली होती.

“घरात दुसरं हाय कोन, गोजरे?” ती म्हणाली. “सांग न. मी वर गेली अन त्यानं तुले नेलं तं? लेक नेला त्यानं, म्यां पाह्यलं. आता तुले भी नेऊ देऊ का?”

रंगूबाई चावलेला हात चोळत उभी होती. गोजराबाई मटकन खाली बसली, कमरेची कळ विसरून. एवढे दिवस म्हातारी हट्टानं, खाष्टपणानं भुईवर पडून आहे असं ती समजत होती.

“अन मले लय सोस नाई भुईचा,” म्हातारी खांबाकडे पाहतच म्हणाली. “गार लागते.”

बाज पुन्हा गोठ्याशी गेली.

रंगूबाईनं संध्याकाळी हे सगळं मारोतरावला सांगितलं. नवऱ्याला रोजचं सगळं सांगायची तिची सवय होती, तो ऐकतो की नाही हे ती बघत नसे. या वेळी मारोतरावनं डावा हात हलवून तिला जवळ बोलावलं आणि एकेक शब्द जोर लावून काढला.

“बुढीले... वर नोको घेऊ. भुईले... वर घे.”

रंगूबाईला आधी वाटलं, भ्रमात बोलतोय. त्यानं डाव्या हातानं हवेत बाजेएवढी उंची दाखवली, मग भिंत थापल्यासारखं केलं. तेव्हा तिच्या डोक्यात उजेड पडला. घरातच मातीचा ओटा घालायचा, बाजेइतका उंच. जमिनीतून वर आलेला, शेणानं सारवलेला. म्हातारी त्याच्यावर निजली म्हणजे बाजेवर कुठे चढली? भुईवरच आहे.

दुसऱ्या दिवशी नानाजी आले तेव्हा रंगूबाई मुद्दाम तिथे हजर होती. ओटा म्हणजे भुई की नाही, हे तिनं त्यांनाच विचारलं. नानाजींनी डोळे मिटले. ओठ हलवले. यात नाडी कुठे होती देव जाणे. पण ओसरीत उभे असलेले ते थकलेले दोन चेहरे त्यांनी पाहिले असावेत. आतून म्हातारी कण्हल्याचा आवाजही आला.

“खालून पोकय नाई न?” त्यांनी विचारलं.

“भरीव घालू.”

“मंग भुईच हाय ते,” नानाजी म्हणाले. आणि जाता जाता, आपली चूक कबूल न करता जेवढं करता येईल तेवढं त्यांनी केलं. म्हणाले, “गढीजवयची पांढरी माती चांगली. माही गाडी पाठवतो.”

गाडी आली, आणि गाडीबरोबर नानाजी स्वतः आले. धोतर खोचून टोपल्यांना हात लावायला लागले. दर दोन टोपल्यांनी त्यांना दम लागायचा, मग बसून मिशा पुसायचे.

माती आली तरी घालणारे हात हेच, साठीतले आणि सत्तरीतले. माती भिजवली, त्यात भुशासारखं कुटार मिसळलं, शेण मिसळलं. हा भिजलेला गारा तुडवायचं काम गोजराबाईनं घेतलं, कारण त्याला वाकावं लागत नाही. भिंत धरून ती चिखलात पाय मारत उभी राहायची. गार चिखलानं तिच्या पायांना वांब यायचे. रंगूबाई थर रचायची. एक थर घातला की तो सुकेस्तोवर थांबायचं. सुकवायला गोवऱ्यांची आच करायची. म्हातारीला तेवढ्यापुरती ओसरीत चटईवर निजवलेली.

आणि मारोतराव! त्याला तिघांनी मिळून भगदाडातून आणला, नानाजींनी पाय धरले, आणि खांबाला टेकवून ओसरीत बसवला. लकवा झाल्यापासून तो पहिल्यांदाच घराबाहेर पडत होता. डाव्या हातात काठी घेऊन तो जमिनीवर रेघा ओढायचा, थर तिरपा गेला तर काठी आपटायचा. रंगूबाई म्हणायची, “पाह्य, मुकादम आला.” पण तिच्या डोळ्यांत पाणी यायचं आणि ते धुरामुळे असं ती सांगायची.

दोघी कामात असल्या की ओसरीत मारोतराव आणि पंचफुलाबाई समोरासमोर. एकाला उठता येत नाही, एकीला उठता येत नाही.

“मारोत्या, तोंडावर माशी हाय तुह्या,” म्हातारी म्हणायची.

मारोतराव डोळे मिचकावायचा.

“थांब, फुकते.” आणि ती खरंच इकडून फुंकर घालायची. माशी तिथेच. मग दोघंही खदखदायची. आत चिखल तुडवणाऱ्या सुनेला ते ऐकू यायचं. आपली सासू हसते हे तिला नवीनच होतं.

एवढं होऊन एक गोष्ट गोजराबाईला खटकत होती. मारोतरावनं ओट्याची जी रेघ ओढली ती भलतीच रुंद होती. चिमणीएवढी म्हातारी, आणि जागा जमीनदाराच्या पलंगाएवढी. जेवढी रुंदी जास्त तेवढी माती जास्त, तेवढं तुडवणं जास्त.

“भाऊजी, एवढं रुंद कायले?” तिनं विचारलं.

मारोतरावनं काठीनं म्हातारीकडे दाखवलं. “माप... तिनं देल्लं.”

“आत्याबाई, एवढ्या जागेचं काय करान?”

“मले हातपाय पसराले लागते,” पंचफुलाबाई म्हणाली. “तू गारा तुडव.”

गोजराबाईला रागच आला. परवापासून म्हातारीबद्दल मनात थोडं मऊ झालं होतं, ते पुन्हा आखडलं. हात धुऊन भगदाडापाशी गेली तेव्हा रंगूबाईला म्हणाली, “सवय जाते का मानसाची? मरता मरता भी पसरून निजाचं हाय.” रंगूबाई मान खाली घालून तूर निवडत राहिली.

ओटा पुरा झाला तोवर माघ लागला होता. वरून बोटभर गिलावा, मग शेणाचा सारवा. गोजराबाईनं तो सारवला तेव्हा तिला गुडघे टेकावे लागले नाहीत. उभ्यानंच हात पोचला. तिनं सबंध ओट्यावरून पुन्हा एकदा हात फिरवला, नुसताच. पूर्ण सुकल्यावर, सकाळच्या उन्हाची तिरीप दारातून आत येत होती तेव्हा, दोघींनी आणि नानाजींनी मिळून पंचफुलाबाईला उचलली. मारोतराव ओसरीतून काठी आपटत होता, हळू, हळू. तिनं या वेळी खांब धरला नाही. ओट्यावर टेकवल्यावर मात्र तिनं आधी हातानं खालची जमीन चाचपून पाहिली. मग मान हलवली.

“भुईच हाय,” ती म्हणाली.

नानाजी घरी गेले. रंगूबाईनं मारोतरावला भगदाडाकडे नेला, माघारी जायला आता दोन हात पुरत होते, कारण तो डाव्या पायावर थोडा भार द्यायला लागला होता. घरात दोघीच उरल्या.

पंचफुलाबाई भिंतीशी अगदी चिकटून निजली होती. अर्ध्याहून जास्त ओटा रिकामा.

“मधात सरका, आत्याबाई. भिंत गार हाय.”

“राहू दे.”

“मंग एवढी माती कायले तुडवाले लावली मले?”

म्हातारीनं रिकाम्या जागेवर हात थापटला. “टेक.”

गोजराबाईला कळलं नाही.

“टेक म्हनते न. तेवढी जागा तुही हाय. माही रुंदी मले माहीत नाई का?”

गोजराबाई उभीच राहिली. चूल पेटायची होती, पाणी आणायचं होतं, भाकरी व्हायच्या होत्या. तिनं तसं सांगितलं.

“राहू दे भाकरी. मी कायी मरत नाई आज.”

ती ओट्याच्या काठावर बसली. न वाकता बसली. मग पाय वर घेतले, पाठ टेकवली. सारवलेल्या मातीचा वास तिच्या नाकाशी होता. थोडा वेळ पडू आणि उठू असं ती म्हणाली, पण ते वाक्य पुरं व्हायच्या आत तिचे डोळे मिटले.

ती झोपली ती दगडासारखी. ऊन दारातून सरकून भिंतीवर गेलं. विहिरीवरून बाया परतल्या, कोणाचं तरी वासरू हंबरत राहिलं, तिला कशाचा पत्ता नव्हता. पंचफुलाबाईनं आपल्या अंगावरची अर्धी गोधडी ओढून ओढून तिच्या अंगावर घातली. तेवढ्यानंही तिला दम लागला.

दुपारी नानाजी आले. आपण हातभार लावलेला ओटा पाहण्याची हौस होती, म्हणून आज ओसरीत न थांबता आत आले. “काय, कशी हाय?” म्हणत त्यांनी उंबरा ओलांडला आणि ते जागीच थांबले. म्हातारी टक्क जागी. आणि तिच्या शेजारी सून, तोंड उघडं, हात ओट्याखाली लोंबलेला, अजिबात न हलणारी. भर दुपारी गोजराबाईला आडवी पाहिलेलं माणूस आसेगावात नव्हतं.

नानाजींच्या हातातली काठी पडली. वर घेतली आणि मरणानं दुसरं नेलं. ओटा भुई नव्हता. आपलं पुन्हा चुकलं. हे सगळं त्यांच्या तोंडावर आलं, आणि त्यांनी गोजराबाईचं लोंबणारं मनगट धरायला हात पुढे केला.

“खबरदार!” पंचफुलाबाई दबक्या आवाजात कडाडली. “नाडी पाहू नोको तिची. झोपली हाय ते.”

नानाजींनी हात मागे घेतला. गोजराबाईच्या घशातून बारीक घोरण्याचा आवाज आला. तो ऐकल्यावर म्हातारा ओट्याच्या कडेला टेकला आणि पटक्याच्या टोकानं डोळे पुसू लागला.

“रडाचं असीन तं बाहेर जाय,” म्हातारी म्हणाली. “अन रंगूले सांगजो, आज माह्या सुनीची भाकर तिकडेच टाक म्हना. माही भी.”

नानाजी उठले. जन्मात त्यांनी कोणाच्या घरी भाकरीचा निरोप नेला नव्हता. खाली पडलेली काठी त्यांनी आवाज न करता उचलली, वहाणा हातात घेतल्या, आणि अनवाणी परसातून कुडाच्या भगदाडाकडे निघाले.